पोकलेन ट्रेलरवर चढतं तेव्हा : नव्या चालकाचं काम आणि आपल्या वर्गातलं गणित



गावच्या यात्रेला माझा एक जुना विद्यार्थी शाळेत भेटायला आला. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तो चौथीत होता. आता २३ वर्षांचा आहे. मी विचारलं, "काय करतोस रे सध्या?"

"बाई, लो-बेड चालवतो. पोकलेन, रोलर, डोझर असली मशिनं एका साइटवरून दुसऱ्या साइटवर न्यायची. स्वतंत्र गाडी मिळून चार महिने झाले." आणि मग हसत म्हणाला, "तुम्ही म्हणायचात ना, पाढे पाठ कर, नाहीतर क्लीनर होशील. झालो बघा! दोन वर्षं क्लीनर होतो, मग ड्रायव्हर."

तो हसत होता, पण मला काही हसू आलं नाही. असं वाक्य आपण बोललो होतो हे मला आठवतसुद्धा नव्हतं. त्याला मात्र इतकी वर्षं आठवत होतं.

मग आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बसलो. त्याने तास-दीड तास त्याच्या कामाबद्दल सांगितलं, वहीच्या पानावर आकृत्या काढून दाखवल्या. नंतर मी स्वतः थोडं वाचलं. माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. या कामात नव्या चालकाची खरी परीक्षा स्टिअरिंगवर नसते, ती गाडी हलण्याआधी होते. मोजता आलं तरच त्याला "नाही, अशी गाडी निघणार नाही" असं म्हणता येतं. ते कसं, हे आज आपण समजून घेऊ. शेवटी वर्गात घेता येतील असे उपक्रमही दिले आहेत.

लो-बेड ट्रेलर म्हणजे काय?

रस्त्यावर तुम्ही ही गाडी नक्की पाहिली असेल. पुढे इंजिन आणि केबिन असलेला भाग, त्याला चालक लोक 'हॉर्स' म्हणतात. मागे त्याला जोडलेला लांबलचक ट्रेलर. या ट्रेलरची मान पुढे उंच असते आणि मग मधला तळ एकदम खाली उतरतो, जमिनीच्या अगदी जवळ. तळ खाली म्हणून 'लो-बेड'. अमेरिकेत याच प्रकाराला 'लोबॉय' म्हणतात.

हॉर्स आणि ट्रेलर वेगळे करता येतात. ट्रेलरच्या मानेखाली एक जाड पोलादी खुंटी असते, तिला किंगपिन म्हणतात. ती हॉर्सच्या पाठीवरच्या गोल तबकडीत अडकते. त्या खुंटीभोवती ट्रेलर वळतो, आणि ट्रेलरच्या पुढच्या भागाचं वजनही तिथूनच हॉर्सवर येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पोकलेन. मुलांना हा शब्द आपल्यापेक्षा आधी माहीत असतो! पोक्लेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. तिची खोदाई यंत्रं इतकी प्रसिद्ध झाली की कुठल्याही कंपनीच्या अशा यंत्राला आपण पोकलेनच म्हणतो. जेसीबीचंही तसंच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्लंडमधल्या उद्योजकाने १९४५ मध्ये कंपनी सुरू केली, त्याच्या नावाची ती आद्याक्षरं.

जेसीबीला टायर असतात, ते स्वतः रस्त्यावरून जाऊ शकतं. पोकलेनला लोखंडी पट्टे असतात. ते अगदी सावकाश चालतं आणि डांबर उखडतं. म्हणून त्याला दुसऱ्या गाडीवर बसवून न्यावं लागतं.

आधी टेप, मग चावी

रस्त्याच्या कामावर नेहमी दिसणारं मध्यम आकाराचं पोकलेन घेऊ. त्याचं वजन साधारण २१ टन. बूम म्हणजे त्याचा हात दुमडून ठेवला की उंची साधारण ३ मीटर. पट्ट्यांसकट रुंदी २.८ ते ३ मीटर.

पहिला हिशोब उंचीचा. साध्या ट्रेलरचा तळ जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतो. त्यावर ३ मीटरचं मशिन ठेवलं की झाले ४.५ मीटर. लो-बेडचा तळ साधारण ९० सेंटिमीटरवर, म्हणजे एकूण ३.९ मीटर. वाचले ६० सेंटिमीटर. आता हे ६० सेंटिमीटर किती मोलाचे आहेत बघा. विजेवर चालणाऱ्या रेल्वेच्या फाटकाआधी रस्त्यावर एक आडवी कमान दिसते. ती साडेचार मीटरच्या थोडीच वर असते. तिच्या पलीकडे, रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. तिथे तारेला हात लागायचीही गरज नसते, नुसतं फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते. म्हणून कमान आहे.

माझा विद्यार्थी म्हणाला, "बाई, उस्तादांनी पहिल्या दिवशी हातात टेप दिली, चावी नाही." मशिन चढवल्यावर सगळ्यात उंच बिंदू कोणता हे खाली उतरून बघायचं आणि मोजायचं. बऱ्याचदा तो केबिन नसतो, दुमडलेल्या बूमचं कोपर असतं. गेल्या खेपेला ३.९ होतं म्हणून आजही तेवढंच असेल असं धरायचं नाही. बूम थोडा वेगळा दुमडला तरी उंची बदलते. गावातल्या रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या आणि केबलच्या तारा, झाडांच्या फांद्या, यात्रेची कमान, यांची उंची कुठल्याच पाटीवर लिहिलेली नसते.

दुसरा हिशोब रुंदीचा. आपल्या देशातल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त नसावी. आपलं पोकलेन २.८ ते ३ मीटर. म्हणजे २० ते ४० सेंटिमीटर जास्त. असा माल 'ओडीसी' म्हणजे मापाबाहेरचा माल ठरतो. त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. बाहेर आलेल्या टोकांना दिवसा लाल झेंडे आणि रात्री लाल दिवे लावतात. ट्रेलरच्या कोपऱ्यावर फडफडणारं ते लाल कापड म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला सांगणं असतं, की "गाडी इथे संपत नाही, अजून बाहेर आहे."

मशिन चढवताना

ट्रेलरच्या मागे दोन उतरते रॅम्प असतात. त्यावरून पोकलेन स्वतःच्या पट्ट्यांवर वर चढतं. हे काम बहुतेक वेळा मशिनचा ऑपरेटर करतो आणि ट्रेलरचा चालक खाली उभा राहून इशारे देतो. बघायला सोपं वाटतं. पण नव्या माणसाला सगळ्यात जास्त भीती इथेच वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

काय काय बघायचं?

- जागा सपाट आणि कठीण हवी. भुसभुशीत मातीत एका बाजूची चाकं रुतली की ट्रेलर कलतो आणि वरचं मशिनही कलतं.
- पट्ट्यांतला आणि रॅम्पवरचा चिखल खरवडून काढायचा. लोखंडावर लोखंड, मध्ये ओला चिखल, म्हणजे साबण लावल्यासारखंच.
- मशिन रॅम्पच्या रेषेत सरळ आणायचं. रॅम्पवर असताना वळवायचं नाही.
- इशारा देणारा माणूस एकच. चार जण ओरडायला लागले तर ऑपरेटर कोणाचं ऐकणार? आणि इशारा देणारा दिसेनासा झाला की ऑपरेटरने जागीच थांबायचं.
- रॅम्प संपून तळ सुरू होतो तिथे मशिन क्षणभर तोल साधतं आणि मग धाडकन पुढे झुकतं, सी-सॉसारखं. म्हणून तिथे बकेट खाली ठेवून, अगदी हळू.

या सी-सॉच्या क्षणी मशिनच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. एवढा एक नियम पाळला तरी जीव वाचतो.

बेरीज बरोबर, तरी उत्तर चूक

हा भाग मला शिक्षक म्हणून सगळ्यात आवडला.

समजा हॉर्स ९ टन, ट्रेलर १२ टन आणि पोकलेन २१ टन. एकूण ४२ टन. आता कायदा फक्त एकूण वजन बघत नाही, प्रत्येक एक्सलवर किती वजन येतं हेही बघतो. २०१८ साली वाढवलेल्या मर्यादेप्रमाणे हॉर्सच्या पुढच्या दोन टायरच्या एक्सलला ७ टन, मागच्या चार टायरच्या एक्सलला ११.५ टन आणि ट्रेलरखालच्या तीन एक्सलच्या संचाला २७ टन. बेरीज करा : ७ + ११.५ + २७ = ४५.५ टन. आपली गाडी ४२ टनांची. म्हणजे पास!

थांबा. आता मशिन तळावर कुठे बसलं ते बघू. समजा ते नीट बसलं आहे आणि वजनाची वाटणी अशी आहे : पुढे ६.५, हॉर्सच्या मागच्या एक्सलवर ११, ट्रेलरखाली २४.५. बेरीज ४२. सगळं मर्यादेत. आता घाईत मशिन फक्त १ मीटर पुढे सरकवलं. किंगपिनपासून मागच्या तीन एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर ९ मीटर धरलं, तर २१ टनांचा नववा भाग, म्हणजे सुमारे २.३ टन, ट्रेलरवरून हॉर्सवर सरकतो. तो बहुतेक सगळा हॉर्सच्या मागच्या एक्सलवर येतो. ११ चे झाले १३ च्या पुढे. मर्यादा ११.५!

एकूण वजन तेच, ४२ टन. एक किलोसुद्धा वाढला नाही. तरी गाडी नापास.

उलट मशिन फार मागे ठेवलं तर हॉर्सवरचं वजन कमी होतं, हॉर्सची चाकं रस्त्याला पुरेशी चिकटत नाहीत आणि चढाला किंवा ओल्या रस्त्यावर ती घसरतात. म्हणून एकदा योग्य जागा सापडली की अनुभवी चालक ट्रेलरच्या कडेला खडूने किंवा ऑइल पेंटने खूण करून ठेवतात. कोणतं मशिन, पट्ट्याचं पुढचं टोक कुठवर. आपण फळ्यावर खुणा करतो ना, तशाच.

साखळ्या किती?

मशिन एवढं जड आहे, ते कशाला हलतंय, असं आपल्याला वाटतं. पण जोरात ब्रेक लागला की ट्रेलर थांबतो आणि मशिनला पुढेच जायचं असतं. एसटीत उभे असताना आपण पुढे जातो तसंच. पोकलेनच्या पुढे काय असतं? चालकाची केबिन.

म्हणून मशिनच्या चार कोपऱ्यांना चार साखळ्या बांधतात. पुढच्या दोन पुढे ओढतात, मागच्या दोन मागे ओढतात. शिवाय बकेट तळावर टेकवून बूमला वेगळी साखळी. मशिनचा वरचा भाग गोल फिरतो, म्हणून त्याची फिरण्याची पिन लॉक करायची. पट्ट्यांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे.

साखळ्यांचा हिशोब अमेरिकेच्या नियमांत फार स्पष्ट दिला आहे. साधारण साडेचार टनांहून जड मशिनला कमीत कमी चार ठिकाणी बांधणं सक्तीचं. सगळ्या साखळ्यांची मिळून ताकद मशिनच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. आणि जी साखळी एका टोकाला ट्रेलरला, दुसऱ्या टोकाला मशिनला बांधली आहे तिची निम्मीच ताकद मोजायची.

आता गणित सोडवू. मशिन २१ टन, म्हणजे हवी १०.५ टन ताकद. एका साखळीची क्षमता ५ टन, मोजायची निम्मी, २.५ टन. चार साखळ्यांची झाली १० टन. अर्धा टन कमी! म्हणजे पाचवी साखळी हवी, बूमची वेगळी. किंवा चारही जास्त ताकदीच्या. 'चार बांधल्या की झालं' हे उत्तर इथे चुकतं.

साखळी कोणत्या कोनात आहे हेही महत्त्वाचं. अगदी उभी साखळी मशिनला फक्त खाली दाबते, पुढे सरकताना तितकी अडवत नाही. जितकी आडवी तितकी सरकण्याविरुद्ध जास्त ओढ. पण अगदीच आडवी केली तर वर उडण्याविरुद्ध धरणार नाही. म्हणून मधला कोन.

आणि एकदा घट्ट केलं म्हणजे संपलं असंही नाही. थोडं अंतर गेलं की मशिन जागेवर बसतं, पट्ट्यांखालचा चिखल, लाकूड दबतं आणि साखळी सैल पडते. अमेरिकेत पहिल्या ५० मैलांच्या, म्हणजे सुमारे ८० किलोमीटरच्या आत थांबून तपासायचा नियम आहे. आमच्या या मुलाच्या उस्तादांची शिस्त त्याहून कडक, पहिल्या २०-२५ किलोमीटरलाच थांबायचं. पहिल्याच स्वतंत्र खेपेला तो असा थांबला तेव्हा दोन साखळ्या हाताने हलत होत्या. "बाई, बांधताना मी अंगातली सगळी ताकद लावली होती. तरी सैल. तेव्हा कळलं उस्ताद का थांबायचे. मला वाटायचं चहासाठी थांबतात."

वळण, उंचवटा आणि रिव्हर्स

लांब ट्रेलर वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत. ती आतल्या बाजूने कापत जातात. किती आत? वरच्या वर्गाच्या शिक्षकांनी पायथागोरसने काढून बघावं. किंगपिन १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतोय आणि तिथून मागच्या एक्सलपर्यंत ९ मीटर आहेत, तर १४४ मधून ८१ वजा, उरले ६३, त्याचं वर्गमूळ जवळपास ८. म्हणजे मागची चाकं जवळजवळ ४ मीटर आतून जातात.

पालकहो, इथे जरा थांबा आणि हे घरी मुलांना सांगा. डावीकडे वळणारा ट्रेलर आधी उजवीकडे सरकतो, कारण त्याला जागा हवी असते. डावीकडे मोकळी फट दिसते. सायकलवाल्या, दुचाकीवाल्या मुलांना वाटतं, जाऊ पटकन. पुढच्या काही सेकंदांत तीच फट ट्रेलरची मागची चाकं भरून टाकतात, आणि चालकाला त्या बाजूचं नीट दिसत नाही. वळणाऱ्या ट्रेलरच्या आतल्या बाजूला कधीही जायचं नाही. मोठ्या गाडीच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

लो-बेडची दुसरी अडचण त्याच्या गुणातूनच येते. तळ खाली आहे म्हणून उंची वाचली, पण आता पोट जमिनीजवळ आलं. मोठा गतिरोधक, रेल्वे फाटकाचा उंचवटा, शेतातून डांबरीवर चढणारी उभी वाट, अशा ठिकाणी पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे आणि पोट मध्ये टेकलेलं! फाटकावर असं झालं तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून नवीन चालकाने अनोळखी वाटेवर आधी खाली उतरून पायी बघून यायचं असतं.

रिव्हर्सचं तर विचारूच नका. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलरची शेपटी डावीकडे जाते. जरा जास्त झालं की हॉर्स आणि ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. ज्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेतली आहे त्या पालकांना हे बरोबर कळेल.

घाट उतरताना

आमच्या सातारा जिल्ह्यातून कोकणात जायचं तर कुंभार्लीसारखा घाट उतरावा लागतो. सोयीसाठी ५०० मीटरची उतरण धरू. ४२ टनांची गाडी ५०० मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्या ऊर्जेत साध्या तापमानाचं सुमारे साडेसहाशे लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल! ही सगळी उष्णता ब्रेकवर सोपवली तर ब्रेक तापतात, वास येतो, धूर येतो आणि मग पाय दाबला तरी गाडी थांबत नाही.

म्हणून जुन्या चालकांचा नियम असा : ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असतास, त्याच गिअरमध्ये उतर. लहान गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. गिअर घाट सुरू होण्याआधी टाकायचा, मध्ये बदलायला जायचं नाही. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं म्हणजे इंजिनचा हा हात सोडून देणं.

वेगाचंही तसंच. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. २० च्या वेगाने चाललेल्या ट्रेलरच्या मागे आपण हॉर्न वाजवतो तेव्हा हे आठवावं. तो हळू चाललाय कारण त्याला थांबता यायला हवं.

नवा चालक शिकतो कसा?

आपल्याकडे मालवाहतुकीच्या गाडीचं लायसन्स २० वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही, आणि त्याआधी किमान एक वर्ष हलक्या वाहनाचं लायसन्स हातात असावं लागतं. पूर्वी आठवी पास असण्याचीही अट होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती काढली, कारण गाडी उत्तम चालवणारे पण शाळा सुटलेले अनेक जण तिच्यामुळे अडत होते. अट गेली ते बरंच झालं. पण वर जो हिशोब आपण केला तो काही गेला नाही. तो आता चालकाने कुठे शिकायचा?

बहुतेक जण उस्तादाच्या हाताखाली शिकतात. क्लीनर म्हणजे काच पुसणारा पोरगा, असं मलाही वाटायचं. खरं तर ती दोन-तीन वर्षांची उमेदवारी असते. टायर ठोकून आवाज ऐकणं, थांब्यावर चाकाजवळ हात नेऊन कुठलं जास्त तापलंय ते बघणं, साखळ्या बांधणं, रिव्हर्सला इशारे देणं, हे सगळं तो तिथे शिकतो. पण उस्ताद चांगला मिळाला तर. उस्तादाने कारण न सांगता नुसतं "असंच कर" म्हटलं, तर शिष्यही तेवढंच शिकतो. हे आपल्यालाही लागू आहे, नाही का?

आता ती गोष्ट सांगते ज्यामुळे मी हा लेख लिहायला बसले.

दोन महिन्यांपूर्वी तो एका साइटवर मशिन घ्यायला गेला. संध्याकाळ झाली होती, पाऊस पडून गेला होता. ट्रेलरवर तीनच साखळ्या होत्या, बाकीच्या दुसऱ्या गाडीवर गेलेल्या. साइटवरचे लोक म्हणाले, "अरे, जवळच तर जायचंय. एवढं जड मशिन कुठे पळून जातंय? उगाच वेळ घालवू नकोस." मालकाचाही फोन आला. चार महिन्यांतला नवा पोरगा, समोर सगळी वयाने मोठी माणसं.

"बाई, मी चलनाच्या मागे लिहिलं. मशिन एवढं, निम्मं एवढं, तीन साखळ्यांचे एवढे. आणि मालकांना फोनवर वाचून दाखवलं. म्हटलं, तीन टन कमी पडतायत, मध्ये उतार आहे. तुम्ही सांगा काय करू."

मालक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "थांब, साखळ्या पाठवतो." त्या यायला रात्र झाली. सकाळी उजेडात पट्टे साफ करून मशिन चढवलं आणि तो निघाला. साइटवरच्या लोकांनी त्याला बरंच सुनावलं, ते त्याने ऐकून घेतलं.

मी त्याच्या जागी असते तर? नुसतं "मला भीती वाटते" म्हटलं असतं तर लोक हसले असते. त्याने आकडा सांगितला, म्हणून त्याचं ऐकलं गेलं. आपण वर्गात 'गणित आयुष्यात उपयोगी पडतं' असं सांगतो तेव्हा उदाहरण म्हणून बाजारहाट आणि बँक देतो. गणिताचा हा उपयोग मी कधीच सांगितला नव्हता : लहान माणसाला मोठ्यांसमोर ठाम उभं राहायला ते मदत करतं.

वर्गात काय करता येईल?

१. मापं जमिनीवर : मैदानावर चुन्याने ३ मीटर रुंद आणि साधारण ९.५ मीटर लांब आयत आखा. हे झालं पोकलेन. शेजारी २.६ मीटरची रेघ. किती बाहेर आलं ते मुलांनाच मोजू द्या. (दुसरी ते पाचवी)

२. दोन काटे, एक पट्टी : स्वयंपाकघरातले दोन छोटे डिजिटल वजनकाटे घ्या. त्यांवर एक मजबूत पट्टी टेकवा आणि पट्टीवर वजन ठेवून पुढे-मागे सरकवा. दोन्ही काट्यांचे आकडे दर वेळी लिहा. आकडे बदलतात, बेरीज बदलत नाही. मुलं चकित होतात! (चौथी ते सातवी)

३. मागचं चाक कुठून जातं? : खेळण्यातला ट्रॅक्टर आणि लांब ट्रॉली. चाकांना रांगोळी लावून कागदावर वळवा. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या रेघांमधलं अंतर मोजा. इथेच रस्ता सुरक्षेचा पाठ घ्या. (सर्व वर्ग)

४. दोरीचा कोन : वाळूने भरलेली पिशवी पाटावर ठेवून दोरीने बांधा. एकदा उभी दोरी, एकदा तिरकी. पाट झटकन ओढून थांबवा. कधी पिशवी जास्त सरकली? (पाचवी ते सातवी)

५. इशारा देणारा एकच : एका मुलाचे डोळे बांधून त्याला बाकांमधून न्यायचं. आधी सगळ्यांनी सूचना द्यायच्या, मग फक्त एकाने. फरक मुलांनाच सांगू द्या.

६. घरची मुलाखत : 'माझे बाबा' किंवा 'माझी आई' हा निबंध नेहमीसारखा न देता एकच प्रश्न द्या, "काम सुरू करण्याआधी तुम्ही काय काय तपासता?" गवंडी, वायरमन, शिलाई करणारी आई, भाजीवाला, चालक, प्रत्येकाकडे उत्तर असतं. मी हा उपक्रम यंदा घेतला. एका मुलाने वडिलांनी सांगितलेल्या अकरा गोष्टी लिहून आणल्या. त्याचे वडील टेम्पो चालवतात. एरवी तो वडिलांबद्दल काहीच बोलायचा नाही. त्या दिवशी त्याने पान उभं राहून वाचून दाखवलं.

शिक्षक मित्रांनो, "अभ्यास केला नाहीस तर ड्रायव्हर होशील" हे वाक्य आपण कधी ना कधी बोललेलो असतो. वर्गात समोर चालकाचं मूल बसलेलं असतं, हे तेव्हा आपल्या लक्षात येत नाही. आणि त्यातलं एखादं मूल खरंच चालक होतं, तेव्हा त्याला आपल्या हातून मिळालेलं मोजमाप तर लागतंच. हिणवणं मात्र त्याला विनाकारण सोबत वाहावं लागतं.

जाताना मी त्याला म्हटलं, "अरे, ते क्लीनरचं मी चुकीचं बोलले होते." तो म्हणाला, "जाऊ द्या हो बाई. तीन त्रिक नऊ अजून पाठ आहे."

यात्रा संपली आणि तो दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीवर गेला. पुढच्या वेळी आला की त्याला वर्गात बोलवणार आहे. टेप घेऊन ये, असं सांगून ठेवलंय.

तुमच्या वर्गात हे उपक्रम घेतले तर मुलांनी काय केलं ते नक्की कळवा. आणि तुमच्या शाळेतल्या पालकांच्या कामांमध्ये असं कुठलं गणित, कुठलं विज्ञान तुम्हाला सापडलं, तेही लिहा. आपण सगळेच त्यातून शिकू.